वारसनोंद

बँकेच्या सेवेत असताना मृत खातेदारांचे दावे निकाली काढण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. ठेवीची पावती, मृत्यूचा दाखला, नामनिर्देशनाचा अर्ज एवढे हाती आले की रक्कम कोणाला द्यावयाची ते ठरे. गेलेल्या माणसाकडून मुलांना आणखी काय मिळाले, यासाठी मात्र कोणत्याही अर्जात रकाना नव्हता. नोव्हेंबर महिना आला की या संदर्भात मला हेमंत करकरे यांचे स्मरण होते.

करकरे आपल्या शेजारचेच. अमरावतीहून निघून वर्धा नदी ओलांडली की लागणाऱ्या वर्धा जिल्ह्यात, खुद्द वर्ध्याला, त्यांचे शालेय शिक्षण झाले. जन्म १९५४ चा. नागपुरातून १९७५ मध्ये अभियांत्रिकीची पदवी घेऊन काही काळ खासगी क्षेत्रात नोकरी केल्यावर ते १९८२ च्या तुकडीतून भारतीय पोलीस सेवेत आले. जानेवारी २००८ मध्ये राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाची धुरा त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरच्या रात्री घरी जेवत असताना दूरध्वनी आला आणि ते निघाले. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत अशोक कामटे व विजय साळसकर यांच्यासमवेत त्यांना वीरमरण आले. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र प्रदान करण्यात आले.

हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्यांची कन्या जुई करकरे-नवरे यांनी २०१९ मध्ये इंग्रजीत पित्याच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले, हे मात्र थोड्यांनाच माहीत असेल. पोलीस अधिकाऱ्याची रात्र आणि सणवार त्याच्या मालकीचे नसतात. तरीही वियोगाला अकरा वर्षे लोटल्यावर मुलीला पुस्तकभर लिहिता यावे, इतके त्या पित्याने घरात ठेवले होते. चंद्रपूरला असताना जंगलातील वाळक्या लाकडांतून शिल्पे घडविण्याचा छंद त्यांनी जोपासला होता. फुरसत थोडी असली तरी ती कशी घालवावी, हे मुले अशा वेळी न सांगता शिकतात.

२०१४ च्या सप्टेंबरमध्ये कविता करकरे यांचे निधन झाले, तेव्हा तिन्ही मुलांनी आईचे अवयवदान केले. दुःखाच्या त्या घडीला असा निर्णय घेण्याचे बळ कोणत्याही मृत्युपत्राने मिळत नसते.

आपल्या पेढ्यांवरही सध्या कापसाचा हंगाम आहे. अकोल्याचा अडत्या काय किंवा अमरावतीचा कापड व्यापारी काय, दुकान बंद करून घरी पोहोचेपर्यंत मुले बहुधा झोपलेली असतात. ‘हे सारे त्यांच्यासाठीच तर चालले आहे,’ असे आपण म्हणतो, आणि ते खरेही आहे. पण मुलांना आपण मिळविलेले दिसते; कसे मिळविले ते दिसत नाही. गिऱ्हाइकाचे चुकून जास्त आलेले पैसे परत केले, अडचणीतल्या शेतकऱ्याला मुदत वाढवून दिली, हे एखाद्या रात्री जेवताना त्यांना अवश्य सांगावे. नामनिर्देशनाचा अर्ज तर भरावाच. पण ही नोंद आपल्या हयातीतच, आपल्यालाच करावी लागते.