तुरीच्या मुळांवरील गांठी

भर पावसाळ्यांत अकोल्याकडील काळ्या रानांतून तुरीचें एखादें रोप मातीसह हलक्या हातानें उपटून पाहावें. मुळांवर बारीक गांठी दिसतील. त्यांतील एक नखानें फोडावी. आंत लाली असेल तर गांठ कामांत आहे असें समजावें. ही लाली आपल्या रक्तांतील रंगद्रव्याचीच भावंड होय.

हवेंत शेंकडा ७८ भाग नत्र आहे, पण झाडास तें थेट घेतां येत नाहीं. गांठींतील सूक्ष्म जंतू तें उपयोगी रूपांत आणून देतात व मोबदल्यांत साखर घेतात. जर्मनींतील हेलरीगेल यांनीं १८८६ सालीं ही देवघेव उजेडांत आणली. १८८८ सालीं हॉलंडांत बेयरिंक यांनीं ते जंतू वेगळे काढून दाखविले.

खरी मौज पुढेंच आहे. जंतूंना द्यावयाची साखर झाडास महाग पडते. म्हणून गांठी किती ठेवावयाच्या याचा हिशेब तें स्वतःच राखतें. नव्या गांठी धरूं लागल्या कीं मुळें प्रथिनाचा एक सूक्ष्म अंश पानांकडे धाडतात, आणि वरून हुकूम येतो कीं आतां पुरे! जमिनींत तयार नत्र मुबलक सांपडलें तरीही गांठींचें काम मंदावतें. तेव्हां तुरींत युरियाचीं पोतीं रिकामीं करणें म्हणजे घरचा कारखाना बंद पाडून बाजारचा माल घेणें होय. तुरीस हेक्टरीं २५ किलो नत्र देण्याची शिफारस आपल्याकडे रूढ आहे, आणि युरियाच्या ४५ किलोंच्या एका पोत्यांतच सुमारें २१ किलो नत्र असतें. ज्यांची शेती वाटेकऱ्याकडे आहे, त्यांनीं खर्चाची यादी एकवार या दृष्टीनें वाचावी.

कपाशीस असल्या गांठी नाहींत. तिला नत्र द्यावेंच लागतें. पण तें अति झालें कीं पऱ्हाटी माजते. पानें हिरवींगार, उंची डोळ्यांत भरणारी, आणि पात्या मात्र गळतात. बोंडें उशिरां येतात, तुडतुड्यांचें फावतें तें निराळेंच.

मग भूक ओळखावी कशी? नत्राची टंचाई पडली म्हणजे झाड जुन्या पानांतील नत्र काढून कोवळ्या शेंड्यास देतें, घरांतील वडील मंडळींनीं आपल्या ताटांतलें मुलांस वाढावें तसें! म्हणून रानांत पाणी तुंबलेलें नसतां खालचीं पानें आधीं पिवळीं पडलीं, तर बहुधा नत्राची उणीव असते. खालीं हिरवें आणि शेंडाच पिवळा, असें दिसल्यास दुखणें निराळें आहे. तेथें युरिया टाकून उपयोग नाहीं.