कपाटाची किल्ली

गेल्या दिवाळीत असोद्याला एका तरुण इंजिनिअरचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, चार भाषणे आणि शेवटी आमच्याकडचे भरीत-पुरीचे जेवण! यंत्रमानव आणि आभासी वास्तव या दोन्ही क्षेत्रांत मुलाने नाव काढले, आणि त्याचे सारे श्रेय वक्त्यांनी आम्हा शिक्षकांना दिले. मी व्यासपीठावर मान डोलावीत बसलो होतो. तेव्हा जे बोलण्याचे धैर्य झाले नाही ते येथे लिहितो : ते श्रेय आमचे नव्हे.

2006 साली या मुलाने शाळेचा बंद पडलेला ध्वनिक्षेपक खोलला होता. मी वर्गात शिरलो आणि 'शाळेच्या वस्तूला हात लावतोस?' म्हणून छडीने त्याचे दोन्ही हात सुजवले. त्यानंतर सुट्टीच्या दिवशी तो जळगावला एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसू लागला. उन्हाळ्यात विजेचा दाब उतरला, की 'मोटर जयली' म्हणत केळीवाले शेतकरी तेथे धावत येतात. जळकी तार काढायची, वेढे मोजायचे, खाचांत कागद बसवून नवी तांब्याची तार भरायची, वार्निश पाजून वाळवायचे, हे सारे चौथी शिकलेल्या एका कारागिराने त्याला शिकवले. यंत्रमानवाच्या सांध्यासांध्यात असते ती मोटरच ना? सत्काराचे निमंत्रण मात्र त्या कारागिराला नव्हते!

पुढे मुलगा इंजिनिअरिंगला गेला. 2014 साली पुण्याला बालेवाडीत आशिया-प्रशांत देशांतील विद्यार्थ्यांची 'रोबोकॉन' स्पर्धा भरली, ती पाहायला तो गेला होता. पालक-यंत्राने बाळ-यंत्राला उचलून झोपाळ्यावर, सी-सॉवर खेळवायचे, असा त्या वर्षीचा खेळ. मग चाकणला वेल्डिंग करणाऱ्या यंत्रहातांची देखभाल, आणि आता चष्म्यातले आभासी जग. तो चष्मा चढवला की शिकाऊ कामगाराला पुढ्यात वितळते लोखंड दिसते. हात थरथरला तर सांधा बिघडतो, पण कांडी वाया जात नाही, डोळे भाजत नाहीत. (1968 साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी असला चष्मा केला, तो इतका जड होता की छताला टांगावा लागे!) म्हणजे हाताला वळण लागावे म्हणून जग एवढा खटाटोप करते. आणि आम्ही?

2016 सालापासून सरकार निवडक शाळांना 'अटल टिंकरिंग लॅब' देत आहे. माझ्या माहितीच्या एका शाळेत ते सारे साहित्य कपाटात कुलपाआड आहे. तपासणीच्या दिवशी ते बाहेर येते, मुलांच्या हाती देऊन छायाचित्र निघते, पुन्हा कुलूप! मुले परीक्षेत रोबॉटचे पाच उपयोग मात्र बिनचूक लिहितात.

'मोडतोड झाली तर भरून कोण देणार?' असे माझे सहकारी विचारतात. 'हात काळे करायला का पोराला शाळेत घातले?' असे पालक विचारतात. पहिला प्रश्न मला कळतो, साठा-नोंदवहीची धास्ती मीही खाल्ली आहे. दुसऱ्याची मात्र चीड येते. निदान असोद्याने तरी तो विचारू नये! याच गावी 1880 साली बहिणाबाई जन्मल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. जात्यावर, शेतात हात चालत असताना गाणी जुळत. घरच्यांनी ती टिपून ठेवली, म्हणून 1952 साली पुस्तक निघाले. 2018 साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले, त्या दिवशी आमची छाती केवढी फुगली होती!

सत्कार संपल्यावर त्या मुलाने मला विचारले, 'गुरुजी, त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?' मी काही तरी बोलून वेळ मारून नेली. किल्ली माझ्याच खिशात होती.

ही दिवाळीची सुट्टी संपली, की ती मी सातवीतल्या एका मुलीच्या हाती देणार आहे. पहिल्या दिवशी जळगावचा तो कारागीर एक जळकी मोटर घेऊन येतो म्हणाला आहे. काही मोडले, तर नोंदवहीत माझे नाव लिहावे.