विमानतळ मोठे, कंपन्या मोजक्या

डिसेंबर २०२३ मध्ये सुरतच्या विमानतळाचे नशीब एका आठवड्यात पालटले. १५ तारखेला केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला आंतरराष्ट्रीय दर्जा दिला, १७ तारखेला पंतप्रधानांनी नव्या टर्मिनलचे उद्घाटन केले आणि त्याच दिवशी दुबईचे विमानही सुरू झाले. ऐन गर्दीच्या तासाला देशातले १,२०० आणि परदेशचे ६०० प्रवासी सामावून घेईल अशी ही इमारत आहे. पण इमारत मोठी झाली त्याच सुमारास देशातल्या विमान कंपन्यांची नावे कमी होत होती. मे २०२३ मध्ये गो फर्स्टने उड्डाणे थांबवली, ती कायमचीच. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पूर्वीची एअर एशिया इंडिया ही एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये मिसळली आणि १२ नोव्हेंबरला विस्तारा एअर इंडियात. टाटांच्या चार कंपन्यांच्या दोन झाल्या, आणि त्या दोन्हीही एकाच घरच्या. आज देशातल्या दर दहा विमानप्रवाशांपैकी नऊजण इंडिगो किंवा एअर इंडिया समूहाच्या विमानात बसतात.

सुरतच्या पूर्वेला असलेल्या बारडोली तालुक्यासाठी ही केवळ उद्योगजगताची बातमी नाही. इथल्या पाटीदार घरांत इंग्लंड, अमेरिका, न्यूझीलंडला कोणी ना कोणी असतेच. इथला माल आणि माणूस सुरतच्या कापड व हिऱ्यांच्या बाजाराला बांधलेला आहे. ताप्ती खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर बारडोलीच्या पुढे व्यारा, नवापूर, नंदुरबार लागते. त्याच वाटेने आलेले खानदेशी मराठी लोक सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोली भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. नवापूरच्या माणसालाही विमान धरायचे तर सुरतच सोयीचे. तेव्हा सुरतेत कंपन्या किती आणि त्यांच्यात चढाओढ किती, हा प्रश्न महाराष्ट्राच्या सीमेच्या अलीकडचाही आहे.

विलीनीकरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे आधी नीट ऐकले पाहिजे, कारण ते कमकुवत नाही. १९५३ चा विमान महामंडळ कायदा १९९४ मध्ये रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना रीतसर दार उघडले. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त ही त्या पहिल्या लाटेतली नावे दशक संपायच्या आत पुसली गेली. किंगफिशर २०१२ मध्ये बसली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी. प्रत्येक वेळी आगाऊ तिकिटे काढलेल्यांचे पैसे अडकले, कर्मचाऱ्यांचे पगार थकले आणि उरलेल्या कंपन्यांनी भाडी वाढवली. आपल्याकडचे जळगाव पाहा. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कन आली आणि गेली, २०१९ मध्ये ट्रूजेट आली, फेब्रुवारी २०२२ मध्ये तीही बंद पडली. २०२४ मध्ये गोव्याची फ्लाय ९१ आली. कागदावर हा स्पर्धेचा इतिहास दिसतो. जळगावच्या प्रवाशाला मात्र पुढच्या दिवाळीत विमान असेल की नाही याची खात्री नव्हती. ज्या कंपनीला इंधनाचे बिल आणि विमानाचे भाडे वेळेवर भरता येत नाही, तिची स्पर्धा फार दिवस पुरत नाही.

अमेरिकेतले ताजे उदाहरण याच बाजूने दिले जाते. जेटब्लूने स्पिरिट ही स्वस्तातली कंपनी घ्यायचे ठरवले, तेव्हा गरीब प्रवाशाचा स्वस्त पर्याय जाईल म्हणून जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने तो व्यवहार अडवला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्पिरिटने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा एकदा. स्पर्धा वाचवायला निघालेल्या निकालाने स्पर्धक मात्र वाचला नाही.

मोठ्या कंपनीला मोठी जोखीम झेपते, हाही मुद्दा सुरतेत दिसतो. शारजाचे विमान फेब्रुवारी २०१९ मध्ये, दुबईचे डिसेंबर २०२३ मध्ये, बँकॉकचे डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाले आणि तिन्ही एअर इंडिया एक्सप्रेसनेच सुरू केली. नव्या मार्गावर सुरुवातीचे काही महिने रिकाम्या खुर्च्या उडवाव्या लागतात. पाच-सहा विमानांच्या कंपनीला ते परवडत नाही.

आता दुसरी बाजू. एकत्र आल्याने बळ येतेच असे नाही, हे सांगायला २००७ हे एकच वर्ष पुरेसे आहे. त्या वर्षी जेटने सहारा विकत घेतली, किंगफिशरने डेक्कनमध्ये हिस्सा घेतला, आणि सरकारने एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एक केल्या. पहिले दोन खरेदीदार बुडाले, तिसऱ्या जोडीचे ओझे करदात्याने पंधरा वर्षे वाहिले. स्पिरिटच्या गोष्टीतही एक खाच आहे. कंपनी पुढे बुडाली म्हणून विलीनीकरणाने भाडी वाढली नसती, हे काही सिद्ध होत नाही.

आणि आकाराचा धोका कसा असतो हे डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी पाहिले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली आणि रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. नियम आधीपासून माहीत असूनही इंडिगोची माणसांची जुळणी कोलमडली. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. दुसऱ्या कंपनीकडे वळावे तर तिच्याकडे तेवढ्या खुर्च्याच नव्हत्या, आणि होत्या त्यांचे भाव आकाशाला भिडलेले. शेवटी ६ डिसेंबरला सरकारला भाड्यावर कमाल मर्यादा घालावी लागली : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० किलोमीटरपर्यंत १२,०००, दीड हजारापर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००. त्याचबरोबर विश्रांतीच्या नियमांतूनही त्या कंपनीला तात्पुरती सूट मिळाली. यातला गंभीर भाग ही सूटच आहे. देशातली साठ टक्क्यांहून अधिक वाहतूक एका कंपनीच्या हातात असली की सुरक्षेचा नियम मोडता आला नाही तरी वाकवावा लागतो, कारण तिला थांबवणे म्हणजे देश थांबवणे.

बाजार किती एकवटला आहे हे मोजण्याची एक सोपी रीत स्पर्धा-नियामक वापरतात. प्रत्येक कंपनीच्या हिश्शाच्या टक्क्यांचा वर्ग करायचा आणि बेरीज घ्यायची. अमेरिकेच्या नियामकांच्या २०२३ च्या निकषात ही बेरीज १,८०० च्या वर गेली की बाजार फार एकवटलेला समजतात. आपल्याकडे इंडिगो सुमारे ६४, एअर इंडिया समूह २७ आणि अकासा ५ टक्के धरले तरी बेरीज साडेचार हजारांच्या वर जाते.

पण ही देशभराची बेरीज बारडोलीकराला काय सांगते? फारसे काही नाही. प्रवासी देशभर उडत नाही, तो एका गावाहून दुसऱ्या गावाला जातो. म्हणून तोलायचे तर मार्गामार्गाने तोलले पाहिजे. सुरत–मुंबई घ्या. या मार्गावर एकच विमान कंपनी असली तरी बिघडत नाही, कारण तिची खरी चढाओढ शताब्दीशी, वंदे भारतशी आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ शी आहे. पुढे बुलेट ट्रेन आली की तीही त्यात येईल. परदेशी जाणाऱ्या पाटीदार कुटुंबाचेही तसेच. ते रात्री गाडी करून कडोदरा, वापीमार्गे मुंबईच्या सहार विमानतळावर जाते, तिथे त्याला वीस-पंचवीस कंपन्यांतून निवड करता येते. सुरतेतली मक्तेदारी त्याला फारशी जाचत नाही.

सुरत–दिल्लीला रेल्वेचा पर्याय आहे, पण रात्रभराचा. मार्च २०२३ मध्ये एअर एशिया इंडियाने सुरतेतून दिल्ली, बेंगळुरू, कोलकात्याला विमाने सुरू केली तेव्हा तिकिटाला एक जास्तीचे नाव मिळाले होते. आज तिच्या जागी दुसऱ्या नावाची पाटी आहे. आणि कोलकाता? साड्यांचे गठ्ठे रेल्वेने आणि ट्रकने जातात, पण पूजेच्या हंगामाआधी ऑर्डर पक्की करायला, थकलेली उधारी वसूल करायला व्यापारी स्वतः जातो. त्याला दोन रात्री रेल्वेत घालवणे परवडत नाही. त्याने स्क्रीनवर तिकिटे पाहिली आणि एकाच समूहाचे नाव दिसले, तर भाडे तो समूह ठरवतो. विलीनीकरणाची खरी किंमत अशा मार्गांवर वसूल होते, आणि देशाच्या सरासरीत ती दिसत नाही.

टाटांच्या विलीनीकरणाला दोष देताना एक तारीख विसरून चालणार नाही. विस्तारा आणि एअर इंडिया नोव्हेंबर २०२४ मध्ये एक झाल्या हे कागदोपत्री. त्यांची स्पर्धा संपली ती २७ जानेवारी २०२२ रोजी, सरकारने एअर इंडिया टाटांच्या हवाली केली त्या दिवशी. विस्तारात आणि एअर एशिया इंडियात टाटांचा मोठा वाटा आधीपासून होताच. एकाच मालकाच्या तीन दुकानांत घासाघीस होत नसते. सरकारी कंपनी विकणे गरजेचे होते, तिचा रोजचा तोटा कुणाच्याच हिताचा नव्हता. पण मार्गनिहाय अटी घालण्याची वेळही तीच होती. भारतीय स्पर्धा आयोगाने विस्ताराच्या विलीनीकरणाला १ सप्टेंबर २०२३ रोजी मान्यता दिली, ती कंपन्यांनी स्वेच्छेने दिलेल्या हमींच्या अधीन राहून. अटी असणे चांगलेच. पण अशा अटी पाळल्या जातात की नाही हे सुरतच्या व्यापारी मंडळाला किंवा नवापूरच्या प्रवाशाला तपासता आले, तरच त्यांना अर्थ.

यात सगळा दोष विलीनीकरणाचाच नाही, हेही मान्य केले पाहिजे. ६ नोव्हेंबर २०१४ रोजी सुरतच्या धावपट्टीवर उड्डाण घेणाऱ्या स्पाइसजेटच्या बोइंगला म्हैस आडवी आली. इंजिनाचे नुकसान झाले, विमान थांबले आणि कंपनीने सुरतची सेवाच बंद केली. एक कुंपण नीट नव्हते म्हणून शहराचा एक पर्याय गेला. आजही धावपट्टी २,९०५ मीटर असली तरी वेसूच्या बाजूला उंच इमारती उभ्या राहिल्याने तिचा पूर्ण उपयोग करता येत नाही. मोठे विमान, लांबचा मार्ग आणि नवी कंपनी या तिन्हींच्या वाटेत त्या इमारती आहेत, आणि त्यांचा कोणत्याही विलीनीकरणाशी संबंध नाही. त्यात दिल्ली-मुंबईच्या विमानतळांवर विमान उतरवण्या-उडवण्याच्या सोयीच्या वेळा आधीच मोठ्यांच्या हातात आहेत. पहाटे दोनला दिल्लीत उतरवणारे विमान सुरतच्या प्रवाशाच्या काय कामाचे?

सरकारच्या ‘उडान’ योजनेतही हा पेच आहे. लहान मार्गावर येणाऱ्या कंपनीला अनुदान मिळते आणि तीन वर्षे त्या मार्गावर दुसऱ्याला येऊ दिले जात नाही. नव्या कंपनीला पाय रोवायला हे संरक्षण रास्त आहे. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर बेळगाव–सुरत–किशनगढसारख्या मार्गावर उतरू शकली ती अशाच योजनेच्या आधाराने. पण हेच संरक्षण बाजारातल्या सर्वांत मोठ्या कंपनीला मिळाले, तर लहानांसाठी बांधलेले कुंपण मोठ्याची वाडी राखू लागेल.

आकाराचे वावडे बारडोलीला कधीच नव्हते. इथला सहकारी साखर कारखाना देशातल्या मोठ्या कारखान्यांत गणला जातो आणि आसपासचा ऊस त्याच्याकडेच जातो. तरी शेतकरी त्याला भीत नाही, कारण तो सभासद आहे, वार्षिक सभेत उभा राहून भाव विचारू शकतो. विमानाच्या प्रवाशाला अशी सभा नाही. त्याच्या वतीने विचारणारे कोणी असेल तर ते स्पर्धा आयोग आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय.

१९२८ च्या बारडोली सत्याग्रहात इथल्या शेतकऱ्यांची मागणी शेतसारा माफ करण्याची नव्हती. बावीस टक्के वाढ कोणत्या हिशेबाने केली याची निःपक्ष चौकशी करा, एवढीच होती. चौकशी झाली आणि वाढ जेमतेम सहा टक्क्यांवर आली. भाड्यावर कायमची सरकारी मर्यादा घाला, ही मागणी आजही करू नये. मर्यादा घातली की कंपन्या तोट्याचे मार्ग आधी सोडतात, आणि त्या यादीत मुंबईच्या आधी सुरत येईल, सुरतेच्या आधी जळगाव. मागायचा आहे तो हिशेब.

दर तीन महिन्यांनी मार्गनिहाय सरासरी भाडे, भरलेल्या खुर्च्या आणि रद्द झालेली उड्डाणे जाहीर व्हावीत. विलीनीकरणाच्या वेळी दिलेल्या हमी मार्गाच्या नावासह, मुदतीसह लोकांसमोर असाव्यात, आणि त्या मोडल्या तर दिल्ली-मुंबईतल्या वेळा काढून नव्या कंपनीला द्याव्यात, कारण दंडापेक्षा वेळ गमावणे कंपनीला जास्त झोंबते. ‘उडान’चा तीन वर्षांचा एकाधिकार ठरावीक हिश्शाहून मोठ्या कंपनीला मिळू नये. आणि वेसूच्या इमारतींचा प्रश्न राज्य सरकार व महापालिकेने सोडवावा, विमान कंपन्यांच्या नावाने बोटे मोडण्याआधी.

टाटांच्या कंपन्या एक झाल्या हे आता बदलणार नाही, आणि बदलावेच असे ठामपणे म्हणायलाही आधार नाही. दुबळ्या चार कंपन्यांपेक्षा धडधाकट दोन बऱ्या, हे मान्य. पण दोनच उरल्या तर त्यातली एक आजारी पडल्यावर काय होते, हे २०२५ च्या डिसेंबरने दाखवले आहे. म्हणून मोठ्यांना मोठे होऊ द्यावे आणि तिसऱ्यासाठी जागा राखून ठेवावी. ती जागा राखण्याचे काम बाजार आपण होऊन करत नाही. ते नियामकाचे काम आहे, आणि आयोगापुढचा पुढचा अर्ज मंजूर होण्याआधी ते झाले पाहिजे.