जनुकाचा दोष, दाहाचा विध्वंस

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत सतत खोकणाऱ्या मुलाचे निदान बहुधा ठरलेले असते: हवेमुळे दमा, नाहीतर टीबी. सिस्टिक फायब्रोसिस हा 'गोऱ्यांचा आजार' समजला जातो. हा समज चुकीचा आहे. भारतीय मुलांतही हा आजार घडवणारे सीएफटीआर जनुकातील दोष आढळतात. आपण ते शोधत नाही, म्हणून ते दिसत नाहीत.

दुसरे मत अधिक अभ्यासू आहे. दोष जनुकात आहे, दाह फक्त जंतूंच्या मागून येतो, जंतू मारले की तोही शमेल, असे ते सांगते. पण १९९५ मध्ये तान्ह्या रुग्णांच्या श्वासनलिका धुऊन तो द्रव तपासला, तेव्हा जंतू न सापडलेल्या बाळांतही न्यूट्रोफिल या दाह घडवणाऱ्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या. २०१३ च्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासाने पुढचा दुवा दाखवला: तीन महिन्यांच्या बाळाच्या फुप्फुसात इलॅस्टेज सापडले, तर तिसऱ्या वर्षापर्यंत ब्रॉन्किएक्टेसिस, म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावणे, होण्याची शक्यता वाढते. न्यूट्रोफिल पेशींतून सुटणारे हे विकर श्वासनलिकेच्या भिंतीतले लवचिक तंतूच तोडते. मेलेल्या पेशींच्या डीएनएने आधीच घट्ट असलेला कफ आणखी चिकट होतो, त्यात जंतू टिकतात आणि नव्या पेशी धावून येतात. याला गौण परिणाम कसे म्हणायचे?

'मग स्टेरॉइड द्या' हेही उत्तर नव्हे. दीर्घकाळ दिलेल्या प्रेडनिसोलोनने मुलांची उंची खुंटली. दाह रोखणाऱ्या अमेलुबँटची चाचणी तर रुग्णांचा त्रास वाढल्याने मुदतीपूर्वी थांबवावी लागली. टीबीने ग्रासलेल्या मुंबईत प्रतिकारशक्ती आंधळेपणाने दाबणे अधिकच धोक्याचे. अझिथ्रोमायसिनचा फायदा दिसला आहे, पण तेही थुंकीत क्षयेतर मायकोबॅक्टेरिया नाहीत हे तपासूनच द्यावे.

जनुकदोषाने बिघडलेले प्रथिन सुधारणाऱ्या, २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या तिहेरी औषधाने अनेकांचे आयुष्य पालटले. पण त्याची किंमत बहुतेक भारतीय घरांच्या आवाक्याबाहेरची आहे. शिवाय ते ज्या डेल्टा एफ५०८ दोषावर प्रामुख्याने चालते, त्याचे प्रमाण भारतीय रुग्णांत युरोपपेक्षा कमी आहे. म्हणूनच मला वाटते, इथे दाहाकडे पाहणे अधिक तातडीचे आहे. रोजची छातीची फिजिओथेरपी, खारट द्रावणाचे नेब्युलायझर, डीएनए तोडणारे डॉर्नेस अल्फा आणि जंतुसंसर्गावर वेळेत उपचार यांनी दाहाचे हे चक्र मंदावते.

त्यासाठी निदान लवकर हवे. घाटकोपर असो वा बोरिवली, टीबीचा पुरावा नसताना खोकणाऱ्या, वजन न वाढणाऱ्या मुलाला पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू करण्याआधी घामातील क्लोराइड मोजायला हवे. ते लिटरला ६० मिलीमोल किंवा अधिक आले, तर मूल तज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात पोहोचले पाहिजे.