शिष्यवृत्ती पोहोचली, पत्र कुठे आहे?



गेल्या सर्वसाधारण सभेत विषयपत्रिका संपत आली असताना एक वयस्कर सभासद उठले आणि म्हणाले, "आमच्या ऊसबिलातनं शिक्षण निधी कापता. त्यातनं पोरं सैनिक शाळेत धाडता, चांगलं करता. पण ती पोरं कुठं गेली, काय झाली, आमाला कोण सांगतंय? त्यापरीस बंद करा ती शिष्यवृत्ती आन् टनाला चार पैसे वाढवून द्या." सभेत टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारांत माझे भाऊबंदही होते, म्हणून हा लेख लिहिणे भाग पडले.

मी सव्वीस वर्षे फौजेत क्लार्क होतो. बंदुकीपेक्षा टाइपरायटर जास्त चालवला. आता ऊस लावतो आणि कारखान्याच्या शिष्यवृत्ती समितीवर बसतो. तेव्हा पत्राच्या बाबतीत दोन शब्द बोलायला हरकत नसावी.

आधी एक फरक समजून घेऊ. साताऱ्याची सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. देशातली ही पहिलीच सैनिक शाळा. तिथे पालकांचे उत्पन्न पाहून सरकार शिष्यवृत्ती देते. माजी सैनिकांच्या मुलामुलींना व्यावसायिक पदवीच्या शिक्षणासाठी २००६-०७ पासून पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. मुलींना महिना ३,००० व मुलांना २,५०० रुपये, थेट बँकेत. हे पैसे हक्काचे आहेत. त्यासाठी कुणा मंत्र्याला आभाराचे पत्र लिहिण्याची काही गरज नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ज्याने तुमचा चुकलेला फॉर्म दुरुस्त करून घेतला त्या माणसाला दोन ओळी लिहिल्या तर मात्र तो दिवसभर ते पत्र टेबलावर ठेवील.

आपल्या कारखान्याचे पैसे तसे नाहीत. ते कुणाच्या तरी उसाचे आहेत. पाणीपाळी चुकली, तोड लांबली, तरी ज्याच्या बिलातून कपात झाली त्याचे आहेत. आणि त्यातला एक भाग तर एका वीरपत्नीने ठेवलेल्या ठेवीच्या व्याजाचा आहे. तिचा नवरा १९९९ साली कारगिलला कामी आला. नाव छापू नका असे तिनेच सांगितले आहे.

आता आलेली पत्रे पाहा. तिघांची पत्रे शब्दन् शब्द सारखी. मोबाइलवरून उतरवलेली, इंग्रजीत. त्या बाईने ती मास्तरांकडून वाचून घेतली. मास्तरांनाही मराठीत काय सांगावे कळेना, कारण त्यात सांगण्याजोगे काही नव्हतेच. एकाने पाकिटावर तिच्या नावामागे "सौ." लिहिले. मला ते पाकीट पाहून घाम फुटला. बाई काही बोलली नाही. घडी घालून फडताळात ठेवले आणि नातवाला म्हणाली, "ल्हान हाय पोरगं, त्याला काय ठावं." पण पोरगं लहान असले तरी बाप लहान नव्हता ना! पाकीट पेटीत टाकण्यापूर्वी घरातल्या मोठ्या माणसाने एकदा बघायला नको का? "श्रीमती" लिहावे, "वीरपत्नी श्रीमती" लिहावे.

आणखी एक पत्र आले, त्यात आभार दोन ओळींत आणि पुढच्या हप्त्याची विनंती आठ ओळींत. विनंतीचा अर्ज वेगळा करावा. एकाच पाकिटात आभार आणि मागणी घातली की वाचणारा मागणीच वाचतो.

फौजेत अर्धसरकारी पत्राची एक रीत आहे. मधला मजकूर टाइप केलेला चालतो, पण मायना आणि शेवटची ओळ अधिकारी स्वतःच्या पेनाने लिहितो. का? तर हे पत्र कारकुनाने नाही, मी धाडले आहे, एवढे समोरच्याला कळावे म्हणून. आमच्या पोरांनी तर सगळेच हाताने लिहावे. अक्षर वाकडे असले तरी चालेल. चेअरमनसाहेबांना नको, "सर्व सभासदांस सा.न.वि.वि." म्हणून लिहा. पैसे कशाला लागले ते लिहा; बूट घेतले की फी भरली. पहाटे किती वाजता उठवतात, मेसमध्ये भाकरी मिळते का, हे लिहा. आमच्या बायाबापड्यांना तेच ऐकायचे असते.

पुढे भरती होऊन युनिटात गेलेल्यांनी मात्र ठिकाणाचे नाव लिहू नये. पत्ता "मार्फत ५६ एपीओ" किंवा "९९ एपीओ" असा असतो, तो त्यासाठीच. आणि असे पत्र आले की त्याचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकू नका.

चूक आमचीही आहे, ती लपवत नाही. मध्यंतरी समितीत सूचना आली, की पत्र आल्याशिवाय दुसरा हप्ता सोडू नये. मी विरोध केला. मागून घेतलेले पत्र म्हणजे पावती. पावती हिशेबनीस ठेवतो, वाचत नाही. तसेच व्यासपीठावर मुलाच्या हातात चेक देऊन फोटो काढायचा, बापाने खाली हात जोडून उभे राहायचे, हेही मला पटत नाही. तो बाप सभासद आहे, कपात त्याच्याही बिलातून झाली आहे.

आता ज्यासाठी मूळ लिहायला बसलो ते. आपला एक मुलगा छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेत होता. १९७७ पासून ती संस्था पोरांची खडकवासल्याच्या प्रबोधिनीसाठी तयारी करून घेते. लेखी परीक्षा पास झाला, पण एसएसबीच्या मुलाखतीतून दोनदा परत आला. पाच दिवस राहायचे, आणि शेवटच्या दिवशी नावे वाचतात त्यात आपले नाव नाही, हे सोपे नसते. अशी पोरे गावात तोंड चुकवून हिंडतात. आभार कसले मानायचे, पैसे वाया घालवले, असे त्यांना वाटते. या पोराने मात्र पत्र लिहिले. दोनदा घेतले नाही, माझे काय कमी पडले ते लिहिले. आता कृषी पदवीला प्रवेश घेतला आहे, सुट्टीत बापाच्या खोडव्याला पाणी देतो, आणि तुमचे पैसे फुकट गेले असे वाटत असल्यास कमावता झाल्यावर परत करीन, असे लिहिले.

ते पत्र नातवाने आजीला वाचून दाखवले. तिने परत वाचायला लावले. मग माझ्याकडे निरोप धाडला, "त्याला म्हणावं, पैसं दिऊ नगं. एकदा घरला येऊन जा." तो गेला होता. जेवून आला.

टाळ्या वाजवणाऱ्या भाऊबंदांना मी हे पत्र पुढच्या सभेत वाचून दाखवणार आहे, मुलाची परवानगी घेतली आहे. त्यानंतर शिष्यवृत्ती बंद करण्याचा ठराव कुणाला मांडायचा असेल तर त्याने मांडावा, मतदान होईल.

नव्या वर्षाचे अर्ज गट ऑफिसात मिळतील. आभाराच्या पत्राचा नमुना मिळणार नाही, मागूही नये.