शील्ड लावली की झालं?

मंगळाचा विषय निघाला की आपल्या आयटीवाल्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं : "रेडिएशन ना? जाड शील्ड लावली की झालं!" बग आला की पॅच मारा, तसं. काय राव, बारावीचं फिजिक्स इतक्यात विसरलात?

मंडळी, इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक, सौर वादळात सुटणारे प्रोटॉन. ऑगस्ट 1972 मध्ये, अपोलो 16 आणि 17 च्या मधल्या काळात, असं एक भयंकर वादळ झालं. नशीब, तेव्हा चंद्रावर कोणी नव्हतं. पण हे काही तासांचं, फार तर दिवसांचं संकट. पाण्याच्या पिशव्या आणि सामान रचून केलेल्या कोपऱ्यात दडून बसलं की बरंचसं निभावतं. दुसरे, वैश्विक किरण. हे सगळ्या बाजूंनी, चोवीस तास येतात. त्यात लोखंडाची अणुकेंद्रकंसुद्धा असतात, प्रकाशाच्या जवळपास वेगाने येणारी. अॅल्युमिनियमच्या भिंतीवर आपटून ती फुटतात आणि आत नव्या कणांचा सडा! पाणी, पॉलिथिलीन असे हायड्रोजनवाले पदार्थ जरा बरे, पण पुरेशी जाडी द्यायची तर ते वजन उचलणार कोण? पृथ्वीवर हे काम वातावरण फुकटात करतं.

आता आकडे. क्युरिऑसिटी 2011-12 मध्ये मंगळाकडे जात असताना तिच्यावरच्या उपकरणाने मोजलं : रोज साधारण 1.8 मिलिसिव्हर्ट. सहा महिने जायला, सहा यायला धरले तर सुमारे 660. मुक्कामाचे वेगळे. नासाची मर्यादा? अख्ख्या कारकिर्दीत 600. आपल्याकडे एक्स-रे विभागात काम करणाऱ्याला वर्षाला सरासरी 20.

"पण ते स्वखुशीने जातात ना!" माझा खरा राग या युक्तिवादावर आहे. 660 म्हणजे कॅन्सरने मरण्याचा धोका साधारण 3 टक्क्यांनी जास्त, असा हिशोब मांडतात. तो मुख्यतः हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांवरून आलाय. तिथे क्षणभराचे गॅमा किरण होते. वर्षभर जड कण झेलल्यावर माणसाच्या मेंदूचं काय होतं? प्रयोग आहेत ते उंदरांवर. अपोलोची सगळ्यात लांब सफर साडेबारा दिवसांची. आणि स्पेस स्टेशनचं उदाहरण देऊ नका, ते पृथ्वीच्या चुंबकीय कवचाच्या आत फिरतं. मग सही करणारा नेमकं काय समजून सही करतोय?

2014 मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने स्पष्ट सांगितलं होतं की लांबच्या मोहिमांसाठी आरोग्याचे निकष सैल करणं नैतिकदृष्ट्या अमान्य आहे. अपवाद करायचाच तर त्या-त्या मोहिमेपुरता, तोही उघडपणे. म्हणजे 600 चे गुपचूप 900 करायचे नाहीत! मंगळाची स्वप्नं विकणाऱ्यांनी पोस्टरवर रॉकेटशेजारी 660 हा आकडा छापावा. मोठ्या टायपात, तळटीपेत नको.