आधी भाषा, मग सेवा!

‘मिशनरी’ हा शब्द नुसता उच्चारला तरी मेसमध्ये दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते, हे लोक शाळा-दवाखान्याचं आमिष दाखवून धर्म बदलतात. दुसरी म्हणते, अरे, त्यांच्याच शाळेत शिकून तू इथवर आलास ना! भाजी थंड होते, पण वाद काही संपत नाही. मला मात्र तिसराच मुद्दा मांडायचाय. परक्या मुलखात जाऊन राहायचं कसं, हे ही माणसं शिकतात. आणि फायनल इयरनंतर परक्या मुलखात जायची स्वप्नं तर आपण सगळेच बघतो!

अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाचंच उदाहरण घ्या. त्यांच्यातले बरेच तरुण आपल्याच वयात मिशनवर जातात, मुलं दोन वर्षं आणि मुली दीड वर्षं. कुठे जायचं हे स्वतः ठरवता येत नाही, चर्च पाठवेल तिकडे जायचं. पगार नाही. खर्च स्वतःच्या बचतीतून, घरच्यांच्या पैशातून. सकाळी साधारण साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवा बंद (होस्टेलवाल्यांनो, ऐकताय ना?). कायम जोडीदाराबरोबर फिरायचं, छातीवर नावाची पट्टी लावून. लोक तोंडावर दार लावून घेतात, तरी पुढचं दार वाजवायचं. आठवड्यातला एक दिवस कपडे धुवायला, बाजारहाटाला आणि घरच्यांशी बोलायला. आणि परभाषेच्या मुलखात जायचं असेल तर आधी काही आठवडे ती भाषा घोकायची. युटा राज्यात प्रोव्हो इथे त्यासाठी त्यांचं मोठं केंद्रच आहे.

पण हे बघायला युटापर्यंत कशाला जायला हवं? आमच्या खारीतून भाईंदर स्टेशनवर या, विरार लोकल पकडा. खाडी ओलांडली की नायगाव आणि त्यापुढे वसई. या वसईचा एक मुलगा साडेचारशे वर्षांपूर्वी जपानला गेला होता. गोन्सालो गार्सिया त्याचं नाव. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. पंधराएक वर्षांचा असताना तो जेझुइट पाद्र्यांबरोबर निघाला. तिकडे जपानी भाषा अशी शिकला, की लोक त्याचं बोलणं मन लावून ऐकायचे. तरीही जेझुइटांनी त्याला आपल्या संघात घेतलं नाही. मग त्याने व्यापार केला, पुढे मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला. पाद्री तो कधीच नव्हता.

१५९३ मध्ये मनिलाहून फ्रान्सिस्कनांचं शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेलं. तेव्हा दुभाषा कोण? हाच वसईकर! क्योतोमध्ये या लोकांनी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना चालवला. माझ्या मते खरी गोष्ट इथे आहे. ज्याला कोणी शिवत नाही त्याची जखम धुवायला हात लागतात, पण ‘कुठे दुखतंय?’ हे विचारायला त्याची भाषाच लागते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचं स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलं. आधी पाद्री येतात आणि मागून फौज येते, हा हिदेयोशीचा संशय त्यातून पक्का झाला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रूसावर चढवलं. त्यात गोन्सालोही होता. १८६२ मध्ये पोपने त्याला संत म्हणून जाहीर केलं. शिक्षा क्रूर होती, यात वाद नाही. पण संशय अगदीच हवेतला होता का? पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई घेतली आणि चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये ती जिंकेपर्यंत तिथे राज्य केलं. पाद्री आणि फौज दोन्ही वसईने पाहिलेत. म्हणून मला वाटतं, सेवेमागे काही हिशेब असला की चांगल्या माणसाच्या कामावरही डाग पडतो. सेवेला अट नको.

अट नसलेली सेवा मी पाहिलीय. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये केरळच्या एक सिस्टर होत्या. मराठी त्या इथे येऊन शिकल्या, तीही पुस्तकी नाही. आमची आजी आजारी पडली तेव्हा त्या खारीत घरी यायच्या आणि तिच्याशी तिच्याच बोलीत, ‘गो’ लावून बोलायच्या. औषधाच्या वेळा समजावून सांगायच्या. धर्माचा विषय एकदाही निघाला नाही. आजीचा देव्हारा होता तिथेच राहिला. डॉक्टरांपेक्षा आजी त्यांचं जास्त ऐकायची!

आणि आपण काय करतो? जीआरईचे शब्द पाठ करतो. ऑनसाइट गेलेले आपले सीनिअर्स सांगतात, एका फ्लॅटमध्ये चार देशी, वीकेंडला देशी दुकान, शेजाऱ्याचं नावसुद्धा माहीत नाही. तिकडचं राहू द्या, इथेच बघा. बाहेरच्या राज्यातले आपले मित्र चार वर्षं काढून ‘थोडा थोडा समजतं’ एवढ्यावर डिग्री घेऊन जातात. आणि आपण मराठी पोरं त्यांच्याशी लगेच हिंदीत सुरू होतो, मग ते शिकणार तरी कधी?

मुंबई-पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकता येतं, जपानीची जेएलपीटी परीक्षाही देता येते. पण सर्टिफिकेट सीव्हीवर लावायला म्हणून भाषा शिकू नका. जिथे जाल तिथला सिक्युरिटी गार्ड, झाडूवाली, आजारी म्हातारा यांच्याशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून शिका. आणि सुरुवात करायला व्हिसा लागत नाही. मेसमधले काका कुठल्या गावचे, त्यांच्या गावाकडे पोळीला काय म्हणतात, एवढं उद्या विचारून तरी बघा!